आवाज मोठा, तार बारीक

हायवेवरची गाडी डोळ्यांना दिसायच्या आधी बरगड्यांना कळावी, असे दिवस आले आहेत. खोटं वाटत असेल तर बडोदा-भरुच रस्त्यावर करजणच्या फाट्याशी चहा घेत पाच मिनिटं उभं राहून बघा. आधी कपातला चहा थरथरतो, मग टपरीचा पत्रा वाजायला लागतो, आणि टपरीवाला मान वर न करता सांगतो, "ईको आवी." खरोखरच वळणावरून एक पांढरी ईको प्रकट होते. आत उतारू एकमेकांच्या मांडीवर, एकजण दारात लटकलेला आणि मागच्या बाकाखाली ऐसपैस पसरलेला बारा इंची सबवूफर. त्या गाडीत पूर्ण जागा मिळालेला तो एकटाच प्रवासी असतो, आणि तिकीट नसलेलाही तोच.

पोटात घुमणाऱ्या आवाजाची हौस काही आजची नाही. आमचं बडोदं म्हणजे गाण्याबजावण्याचं संस्थान. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली. पुढे फैयाजखाँसाहेब इथले दरबारी गवई झाले. या मंडळींनी दरबार भरून टाकला तो छातीच्या जोरावर, कुणाच्या गादीखाली अँप्लिफायर दडवलेला नव्हता. पण खर्जाची ओढ तेव्हाही होतीच. नाहीतर तबल्याशेजारी डग्गा कशाला बसवला असता? पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक कशाला थापली असती? घुमाऱ्यासाठी पूर्वी कणीक लागायची, आता बॅटरी लागते, एवढाच फरक. कणीक संपली तर गाडी मात्र बंद पडत नसे.

माझी ताई करजणला दिलेली. भावजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. तबल्याचा कान आणि मास्तरांची जीभ, अशा दुहेरी भांडवलावर त्यांचं उत्तरायुष्य चाललं होतं. त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या भाच्याने, एक जुनी हॅचबॅक घेतली आणि घरातली शांतता संपली. गाडी किती चालली आहे, टायर कसे आहेत, ब्रेक लागतात का, असले क्षुद्र प्रश्न त्याला कुणी विचारलेच नाहीत. मित्रांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि एकमुखाने विचारलं, "डिकीत काय टाकणार?"

डिकी ही जागा सामान ठेवण्यासाठी असते, हे या पिढीला वेगळं सांगावं लागतं. सांगितलं की ती पिढी म्हणते, "सामान काय, मांडीवर घेता येतं."

मग आमची वरात हायवेलगतच्या एका कार डेकोरच्या दुकानात गेली. सीट कव्हरं, रंगीत दिवे, मान डोलावणारा कुत्रा, लिंबू-मिरची (प्लॅस्टिकची, कायम ताजी) आणि भिंतभर रचलेली सबवूफरची खोकी. प्रत्येक खोक्यावर एक आग ओकणारा प्राणी आणि एक आकडा. ३०००. ५०००. एका खोक्यावर तर दहा हजार वॅट लिहिलं होतं. करजणच्या एका आख्ख्या गल्लीचे दिवे, पंखे आणि घरघंट्या मिळून जेवढी वीज खात असतील, तेवढी या खोक्यातला कागदाचा एक द्रोण एकटा खाणार होता, आणि तीही एका मोटारीच्या बॅटरीवर.

भावजींनी चष्मा कपाळावर चढवला, खोकं उलटं केलं आणि तळाशी चिकटवलेला बारीक अक्षरांचा कागद वाचला. "हं. आरएमएस तीनशे."

"बाबा, ते पीक पॉवर असतं," भाचा म्हणाला.

स्थळाच्या माहितीपत्रकातला पगार आणि महिनाअखेर हातात पडणारा पगार यांत जे नातं असतं, तेच पीक आणि आरएमएस यांत असतं. वूफर न जळता तासन् तास जेवढी ताकद सोसू शकतो ती आरएमएस. पीक म्हणजे एका क्षणापुरती, देवाचं नाव घेऊन, पुन्हा विचारायचं नाही अशी. आणि पीएमपीओ नावाचा जो तिसरा आकडा खोक्यावर छापतात, त्याला तर कुठलं सर्वमान्य मापच नाही. तो छापखान्यात किती शून्यं शिल्लक आहेत यावर ठरतो.

"पाचशेचा अँप घेण्यापेक्षा हजाराचा घेतला तर आवाज दुप्पट होईल ना?" भाच्याने विचारलं.

"तीन डेसिबल वाढेल."

"म्हणजे?"

"म्हणजे वाढलाय हे सांगितल्यावर कळेल. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात."

दुकानदाराने भावजींकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी मुलाला एकट्यालाच पाठवा. तरी एक मोनो अँप्लिफायर आणि बारा इंची दोन वूफर अशी खरेदी झाली. अँप दोन ओहमला पाचशे वॅट देणारा, वूफर प्रत्येकी दोन कॉइलचे, दर कॉइल चार ओहमची. यात पुढच्या सगळ्या रामायणाचं बीज होतं. ते विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि घेणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती.

आता हे ओहम प्रकरण जरा समजून घेतलं पाहिजे, कारण या धंद्यात सगळे वॅटवर बोलतात आणि सगळं ओहमवर अडतं. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतली अडवणूक. ओहम कमी, तर अडवणूक कमी, तर वीज जास्त वाहणार, तर आवाज जास्त आणि अँपच्या जिवाला घोरही जास्त. म्हणजे आकडा लहान झाला की काम मोठं होतं. तारेचंही तेच. आठ गेजपेक्षा चार गेजची तार जाड, आणि शून्य गेजची म्हणजे अजगर. लहान ते मोठं आणि मोठं ते खोटं, एवढं एक सूत्र ध्यानात ठेवलं की गाडीतल्या आवाजाचं निम्मं शास्त्र आलं.

गेऑर्ग ओहम हा जर्मन शाळामास्तर. १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकात मांडला, तेव्हा त्याची इतकी उपेक्षा झाली की त्याने कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते १८४१ साली. भावजींना ही गोष्ट फार प्रिय. मास्तरांचं म्हणणं ऐकायला जगाला चौदा वर्षं लागतात, असा ते त्याचा अर्थ लावतात आणि बोलताना मुलाकडे बघतात.

तर हिशेब असा. चार-चार ओहमच्या दोन कॉइल एकापुढे एक जोडल्या, म्हणजे सीरीजमध्ये, तर होतात आठ. लाल लालला आणि काळी काळीला अशा शेजारी शेजारी जोडल्या, म्हणजे पॅरललमध्ये, तर होतात दोन. एका वूफरला चार टोकं, दोन वूफरना आठ. या आठ टोकांत कुणाचा हात कुणाच्या हातात द्यायचा, हाच सगळा विवाहप्रश्न.

दुकानातला कारीगर या प्रश्नात पडला नाही. पोरगेला, चपळ, दातात स्क्रू धरून बोलणारा. "टेन्शन ना लो काका, बधुं थई जशे," असं म्हणत त्याने सगळ्या लाल टोकांचा एक जुडा केला, सगळ्या काळ्यांचा दुसरा केला, आणि दोन्ही अँपमध्ये खुपसले. चारही कॉइल पॅरलल. चार भागिले चार, बरोबर एक ओहम. दोन ओहमपर्यंतच झेपणाऱ्या अँपला.

भाच्याने गाणं लावलं. एक ढम झाला. असा की समोरच्या दुकानातल्या माणसाने शटरकडे पाहिलं. दुसरा ढम अर्ध्यावर राहिला आणि अँपवरचा निळा दिवा लाल झाला.

"प्रोटेक्टमां गयुं," कारीगर म्हणाला.

"म्हणजे?"

"थंडुं पडवा दो."

अँप थंड झाला, पुन्हा लावला, पुन्हा लाल. भाच्याचं निदान असं की अँप खराब आहे. दुकानदाराचं निदान असं की गाणं खराब आहे. पेन ड्राइव्हवरचं ओरिजिनल नसलं की असं होतं. भावजी एका बिलाच्या पाठीमागे आकडेमोड करत होते. त्यांनी कागद पुढे धरला. चार कॉइल सगळ्या पॅरललमध्ये जोडल्या तर एक ओहम. सगळ्या सीरीजमध्ये जोडल्या तर सोळा. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सीरीजमध्ये आणि मग दोन्ही वूफर पॅरललमध्ये, तर चार.

"आणि दोन?" मी विचारलं.

"चारही कॉइल सारख्या राबवायच्या तर दोन हा आकडा निघत नाही. अँपला दोन हवेत आणि यांच्याकडे एक, चार आणि सोळा आहेत. पत्रिका न बघता ठरवलंय हे." मग थांबून म्हणाले, "एकच वूफर जोड. त्याच्या दोन कॉइल पॅरललमध्ये. बरोबर दोन ओहम, अँप पूर्ण ताकदीने चालेल."

भाच्याच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की बापाने वाटण्या मागितल्या आहेत. "एक? बाबा, गावात एका वूफरने फिरू? लोक काय म्हणतील?"

शेवटी चार ओहमवर तडजोड झाली. त्यात अँप तीनशे वॅटच देणार होता, पण वूफर दोन दिसणार होते. जोडणी घरी अंगणात करायची ठरलं, कारण दुकानात भावजींना पुन्हा आणू नये, असं बहुधा सगळ्यांनाच मनातून वाटत होतं. संध्याकाळी कारीगर घरी आला. आठ टोकं सोडवली, पुन्हा गुंफली. गाणं लावलं. लाल दिवा लागला नाही, गायिका स्वच्छ गात होती, वूफरचे दोन्ही द्रोण जीव तोडून हलत होते, आणि बेसचा पत्ता नव्हता. एवढी हालचाल आणि आवाज शून्य.

"काय बिघडलं?" ताईने ओट्यावरून विचारलं. तिला ही अवस्था बरी वाटत होती.

भावजी आत गेले आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून आले. घड्याळ साडेसातावर थांबलं ते नंतर बरेच दिवस कुणाला आठवलं नाही. त्यांनी वूफरच्या तारा अँपमधून सोडवल्या, एक तार सेलच्या टोकाला, दुसरी बुडाला नुसती टेकवली. टक्. पहिल्या वूफरचा द्रोण केसभर बाहेर आला आणि तिथेच थांबला. तार काढली, तो परत आत गेला. मग दुसऱ्या वूफरच्या तारा घेतल्या, तशाच टेकवल्या. टक्. हा द्रोण आत ओढला गेला.

"बघ," भावजी म्हणाले. "एक हवा ढकलतोय, त्याच वेळी दुसरा ओढतोय. दोघंही प्रामाणिकपणे काम करतायत, म्हणून काम होत नाहीये. याची लाल-काळी उलटी लागली आहे."

दीड व्होल्टच्या सेलने जे कळलं ते दहा हजार वॅटच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. कारीगराने तारा बदलल्या. पुढचा ढम घराच्या पायातून वर आला. ताईच्या मांडणीवरच्या वाट्या बोलायला लागल्या, आणि शेजारच्या बा कुंपणाशी येऊन काळजीने म्हणाल्या, "तमारो पंप चालु रही गयो छे."

बांची चूक नव्हती. खालच्या सुरांचा स्वभावच असा. चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब, आणि भाच्याची गाडी चार मीटरसुद्धा नाही. ती लाट काच-पत्र्याला दाद देत नाही, सरळ बाहेर पडते. वरचे सूर मात्र आत अडकतात. त्यामुळे गाणं ज्याने लावलं त्याला पूर्ण ऐकू येतं, आणि ज्यांनी लावलं नाही त्यांना फक्त त्यातला पंप ऐकू येतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल, असे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. पण डेसिबल मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं आणि वूफर सगळ्यांकडे असतो, असा हा असमान सामना आहे.

भाचा खूश झाला. त्याच्या मते काम संपलं होतं. भावजींच्या मते सुरूही झालं नव्हतं, कारण आता ते बॉनेट उघडून बॅटरीपासून निघालेली तार बघत होते. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, लाल, चकचकीत. त्यांनी टोकाशी प्लॅस्टिक सोललं. अंगठ्याच्या आत करंगळी निघाली. बाकी सगळी गादी. त्यातला एक तंतू बाजूला काढून त्यांनी सुरीने खरवडला. वरचा तांबूस रंग निघाला आणि आतून पांढरी चकाकी दिसली.

"ॲल्युमिनियम. वर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा हिची अडवणूक दीडपटीच्या आसपास."

"वायर तो सेम ज छे, काका," कारीगर म्हणाला. "वूफर सारो होवो जोईए."

या एका वाक्यात सगळा धंदा आला. वूफर दिसतो, अँपवर निळा दिवा लागतो, त्यांना मित्र हात लावून बघतात. तार गालिच्याखाली जाते. तिथे पैसा घालणं म्हणजे गुप्तदान, आणि गुप्तदान करण्याचं वय भाच्याचं नव्हतं. त्यामुळे अर्थिंगही सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच दाबलेलं. रंगातून वीज जात नाही, खालचा पत्रा उघडा करावा लागतो. पण गाडीचा रंग खरवडायचा म्हटल्यावर भाच्याने कानांवर हात ठेवले. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा, म्हणजे मधे कुठे तार घासून पत्र्याला लागली तर आग लागायच्या आधी फ्यूज उडावा. यांचा फ्यूज डिकीत, अँपच्या शेजारी. का? तर तो पारदर्शक आणि सोनेरी होता, आणि डिकी उघडल्यावर छान दिसत होता. बॅटरी ते डिकी एवढी तार रामभरोसे. फ्यूज उडालाच तर काय करायचं, यावर कारीगराचं उत्तर तयार होतं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. भावजींनी पाण्याचा तांब्या मागितला.

आणि त्यातच एक नवा नाद उपटला. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक 'वीं' असा सूर निघे, इंजिनाबरोबर चढे आणि उतरे. आवाजाची बारीक तार आणि विजेची जाड तार एकाच चिकटपट्टीत बांधून नेल्याचा आणि रंगावरच्या अर्थिंगचा हा प्रसाद. भाचा अभिमानाने म्हणाला, "मामा, टर्बो असल्यासारखं वाटतं ना?"

पुढच्या गुरुवारी नारेश्वरला जायचं ठरलं. करजण तालुक्यातच, नर्मदेच्या काठी, रंग अवधूत महाराजांचं स्थान. महाराज मूळचे वळामे, गोध्र्यात १८९८ साली मराठी घरात जन्मलेले, आणि त्यांची १९३५ सालची दत्तबावनी गुजरातीत. आम्हा बडोदेकर मराठी माणसांचं सगळं असंच आहे. देव महाराष्ट्रातून आणलेला, स्तोत्र गुजरातीतलं, आणि प्रसादाच्या आमटीत गूळ. ताईने अट घातली की गाडीत दत्तबावनीच लागेल. भाच्याने मान्य केलं. त्याने फक्त बेस कमी करायचं मान्य केलं नव्हतं.

बारा इंची दोन वूफरवर दत्तबावनी ऐकण्याचा योग फार थोड्यांना आला असेल. शब्द शांत, सूर सात्त्विक आणि तबल्याचा डग्गा असा की प्रत्येक समेला आरसा धूसर व्हावा. नंबरप्लेट मागून झांजा धरत होती. पहाटेचा अंधार होता. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत आणि पुन्हा उजळत. समोरून येणारा ट्रकवाला हा इशारा समजून दिवे मिचकावून उत्तर देई. भाचा म्हणाला, "बघा, लाइटपण तालात आहेत."

"अरे, ते तालात नाहीत, उपाशी आहेत," भावजी म्हणाले. "दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. तुझा अँप भरात आला की एकटा पंचवीसच्या वर ओढतो."

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "देव पावायच्या आधी माझा मणका सरकणार आहे." मागच्या सीटची पाठ म्हणजे वूफरच्या खोक्याची पुढची भिंत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दर्शन झालं. ताई-भावजी घाटाकडे गेले तोवर भाच्याने झाडाखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि दोन ओळखीच्या पोरांना डिकी उघडून दाखवली. नुसती दाखवून भागतं होय? छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपासची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला भरत असतो. बंद असताना ती एकटी विधवा. तासाभराने आम्ही परत आलो, किल्ली फिरवली. टिक्. एवढंच. डिकीत सहाशे वॅट सोसणारी जोडगोळी आणि स्टार्टर फिरवायला वीज नाही. दहा-बारा भाविकांनी 'अवधूत चिंतन'चा गजर करत धक्का दिला. गाडी शांतपणे पुढे गेली आणि शांतपणे थांबली. शेवटी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेली. त्या ट्रॅक्टरवरही दोन भोंगे होते, आणि ते चालू होते.

ट्रॅक्टरमागून जाताना भावजींनी करजणचा इतिहास काढला. करजणात इंजिन असूनही दुसऱ्याने ओढत न्यायची ही काही पहिली वेळ नव्हे. १८६२ साली, खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम, म्हणजे आमच्या करजणपर्यंतच, असा बत्तीसेक किलोमीटरचा अडीच फुटी रूळमार्ग पडला. भारतातली ही पहिली नॅरोगेज, आणि संस्थानिकाच्या मालकीची पहिली रेल्वेही हीच. या कानम मुलखातला काळ्या मातीतला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायचा होता. डबे ओढायला बैल होते. मग १८६३ साली ग्लासगोच्या नील्सन कंपनीकडून वाफेची इंजिनं आली. रूळ मात्र तेच, बैलांच्या बेताचे, हलके. ते इंजिनाच्या वजनाला टिकेनात. मग इंजिनं बाजूला ठेवली आणि बैल पुन्हा जुंपले. मजबूत रूळ पडून इंजिनं रीतसर धावू लागेपर्यंत पुढची दहा वर्षं गेली.

"विचार कर," भावजी मुलाला म्हणाले, "इंजिन आलं तेव्हा बघायला केवढी गर्दी लोटली असेल. रूळ बदलले तेव्हा कोण गेलं असेल बघायला?"

भाचा काही बोलला नाही. ट्रॅक्टरच्या भोंग्यात ऐकूही आलं नसावं.

पण त्या ओढत नेलेल्या प्रवासाचा परिणाम झाला. करजणच्या बाजारातून मुलाला अशा अवस्थेत जावं लागलं, की डिकी सजवलेली गाडी ट्रॅक्टरमागे आणि मागे ओळखीच्या पोरांच्या मोटारसायकली. त्या आठवड्यात भाचा न सांगता शुद्ध तांब्याची चार गेजची तार घेऊन आला. किंमत सांगताना त्याचा आवाज एवढा खाली गेला की चाळीस हर्ट्झच्या आसपास असावा. भावजींनी स्वतः पॉलिश पेपर घेऊन डिकीतला पत्रा रुपयाएवढा घासून लख्ख केला आणि अर्थिंग तिथे आवळलं. पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवलं. फ्यूज बॅटरीशेजारी गेला, तिथे तो कुणालाच दिसत नव्हता आणि पहिल्यांदाच उपयोगाचा होता. आवाजाची तार गाडीच्या डाव्या अंगाने, विजेची उजव्या अंगाने. टर्बो बंद पडला.

उरला ओहमचा प्रश्न. अँपला दोनच ओहम हवेत, हे गणित काही ट्रॅक्टरने बदललं नव्हतं. भावजी म्हणाले, "एक वूफर काढून टाक." भाचा म्हणाला, "काढणार नाही." खूप खल झाला आणि मग मुलाने, बापाचं रक्त कुठे जाईल, एक शास्त्रीय तोडगा काढला. खोक्यात मधे फळी होतीच. एक वूफर जोडला, दोन्ही कॉइल पॅरलल, बरोबर दोन ओहम. दुसरा तसाच जागेवर ठेवला, तारेविना, नुसता दिसायला.

आणि काय सांगावं! त्या एका वूफरने आधीच्या दोघांना लाजवलं. आवाज स्वच्छ, डग्ग्याची मींडसुद्धा वेगळी ऐकू यावी इतका. हेडलाइट स्थिर. भावजींनी डोळे मिटून मांडीवर तीनतालाचं एक आवर्तन धरलं आणि समेवर नुसती मान हलवली. घरातल्या जाणकारांच्या मते हे पदकच.

संध्याकाळी मित्र जमले. डिकी उघडली गेली. मंडळींनी भक्तिभावाने ऐकलं. एकाने वाकून उजवीकडच्या वूफरवर हात ठेवला. तो न जोडलेला. "भाई, सिंगल आणि डबलमध्ये हाच फरक असतो," तो म्हणाला. "डावा नुसता वाजतो. हा बघ, दाब कसा देतोय." बाकीच्यांनीही हात लावून दुजोरा दिला. दोघांनी त्याचा मॉडेल नंबर मोबाइलवर टिपून घेतला. तारेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी भावजींकडे पाहिलं. म्हटलं, आता उठून यांचा वर्ग घेणार. पण ते घड्याळात सेल बसवत होते.

"तुम्ही काही बोलत नाही?" मी विचारलं.

"सगळा जन्म शिक्षण खात्यात काढला," ते म्हणाले. "तारा न जोडता दाब देणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि मॉडेल नंबर नेहमी त्यांचाच टिपून घेतात."